तुलनेच्या बायका

"स्त्रीचं सामर्थ्य आता दोन दशांश स्थळांपर्यंत अचूक मोजता येतं, आणि मानवजातीच्या वाटचालीत असा क्षण पुन्हा येणार नाही," असं संचालकबाईंनी व्यासपीठावरून जाहीर केलं तेव्हा माइक बंद होता. तो चालू करायचं बटण मागच्या खोलीत होतं, खोलीला कुलूप होतं आणि किल्लीवाला जेवायला गेला होता. त्यामुळे हा क्षण पहिल्या दोन रांगांपुरताच आला आणि गेला. बाकीच्यांनी पुढच्यांचं बघून टाळ्या वाजवल्या.

सातव्या रांगेत प्रश्नताई बसली होती. तिला ऐकू आलं नाही म्हणून काही अडलं नाही. हे वाक्य तिनं तीन वर्षांत अकरा वेळा ऐकलं होतं. पूर्वी ते एकाच दशांश स्थळापर्यंत होतं, यंदा प्रगती झाली होती. शिवाय ते सामर्थ्य मोजायला उन्हातान्हात चपला झिजवत हिंडणारी बाई हीच, तेव्हा तिला बातमी म्हणून त्यात नवं काय असणार?

कार्यक्रम दूरदेशीच्या एका संस्थेच्या मदतीवर चाले आणि त्याची रचना समजायला सोपी होती. कालव्याच्या दोन बाजूंना दोन वस्त्या. घरं सारखी, गल्ल्या सारख्या, नळाला पाणी न येण्याची वेळसुद्धा सारखी. अलीकडच्या वस्तीतल्या साठ बायकांना सक्षम करायचं होतं. त्यांना नेतृत्वाचं शिबिर, आत्मविश्वासाचं शिबिर, आवाज उठवण्याचा तीन दिवसांचा वर्ग आणि खांद्याला अडकवायची एक पिशवी असं सगळं साग्रसंगीत मिळालं. पलीकडच्या वस्तीतल्या साठ बायकांना काहीच द्यायचं नव्हतं. कागदोपत्री त्यांचं नाव 'तुलना'. काही न देता बायका कशा राहतात ते त्यांच्यावरून पाहायचं आणि दिल्यानं किती फरक पडला ते त्यातून काढायचं. थोडक्यात, पलीकडच्या बायकांकडून कार्यक्रमाची अपेक्षा एवढीच की त्यांनी कृपा करून तीन वर्षं आहेत तसंच राहावं.

मोजणी मात्र दोन्हीकडच्यांची. दर सहा महिन्यांनी प्रश्नताईनं चौऱ्याण्णव प्रश्नांची फाईल घेऊन निघायचं. अलीकडच्या बायका शिबिराच्या दालनात एकगठ्ठा सापडत. पलीकडे ती एकटी दारोदार जाई, आणि कुठलं घर कोणत्या दिवशी हे चिठ्ठ्या टाकून ठरे, म्हणजे कोणाला आधी सुगावा लागू नये. गेल्या सहा महिन्यांत कोणाला न विचारता घराबाहेर कुठे गेलात का? घरातल्या कोणाला 'नाही' म्हणालात का? दिवसातला एक तास फक्त स्वतःसाठी मिळतो का? घरातली कामं आणखी कोण करतं? चार माणसांत बोललात का? असं करत चौऱ्याण्णवपर्यंत जायचं, आभार मानायचे आणि उठायचं.

हे प्रश्न विचारण्याचंही एक शास्त्र होतं. मान हलवायची नाही. भुवई उचलायची नाही. 'अरेरे' म्हणायचं नाही आणि 'वा' तर मुळीच नाही. चेहरा टपालपेटीसारखा ठेवायचा, टाकतील ते आत घ्यायचं. प्रश्नताईनं हे इतकं अंगी बाणवलं की घरीसुद्धा तिला ते सोडता येईना. एकदा तिच्या नवऱ्यानं मिशी ठेवली आणि कशी दिसते म्हणून विचारलं. ती शांतपणे त्याच्याकडे बघत राहिली. पर्याय ऐकल्याशिवाय उत्तर द्यायची तिची सवयच गेली होती. दुसऱ्या दिवशी त्यानं मिशी काढून टाकली.

भाषणाच्या दुसऱ्या दिवशी आकडेमास्तरनं शेवटच्या मोजणीची बेरीज काढली. आकडेमास्तर म्हणजे कार्यक्रमाचा गणिती. बारीक अंगाचा, सज्जन माणूस, जो पायऱ्या चढतानासुद्धा त्या मोजायचा. त्याच्या हिशेबाप्रमाणे तीन वर्षांत अलीकडच्या बायकांचं सामर्थ्य चार गुणांनी वाढलं होतं. पलीकडच्यांचं एकोणीस गुणांनी. रकाने उलटे लागले असावेत म्हणून त्यानं ते सुलटे करायला घेतले, तर ते सुलटेच होते. मग त्यानं संगणक बंद करून चालू केला. मग खिडकी उघडली. एकोणीस काही हलेनात.

अलीकडच्यांचं घोडं कुठं पेंड खात होतं ते दहा मिनिटांत सापडलं. शिबिरं दहा ते चार असत आणि घरातली कामं चारनंतर आपली वाट बघत बसलेली असत, तेव्हा स्वतःसाठी एक तास मिळतो का, याचं उत्तर दर खेपेला आणखी ठामपणे 'नाही' असं येत गेलं. घराबाहेर जाताना विचारावं लागतं का, याला बहुतेकींनी 'हो' म्हटलं होतं. कोणाला, तर शिबिराच्या बाईंना. हे एक वेळ झाकून नेता आलं असतं. पण काहीही न देता एकोणीस? मग तीन वर्षं जे दिलं ते कशासाठी, असं देणगीदारांनी विचारलं तर?

संचालकबाईंनी प्रश्नताईला बोलावून घेतलं.

बाई वाईट नव्हत्या. बायकांचं भलं व्हावं असं त्यांना मनापासून वाटे, फक्त ते ठरलेल्या रकान्यात व्हावं एवढाच त्यांचा आग्रह. त्यांनी प्रश्नताईला बसायला सांगितलं, पाणी दिलं, घरची खुशाली विचारली, आणि एवढी विचारपूस झाल्यावर काहीतरी गंभीर आहे हे प्रश्नताईला कळून चुकलं. बाई म्हणाल्या की उद्या दुपारी देणगीदारांशी बोलणं आहे, आणि पलीकडचे आकडे दूषित आहेत. म्हणजे अलीकडचं काहीतरी पलीकडे झिरपलं. आता कालवा ओलांडून नियमानं ये-जा करणारं कार्यक्रमाचं माणूस एकच. एवढं बोलून त्यांनी एक कागद पुढे सरकवला.

कागदावर एकच वाक्य होतं. पलीकडच्या वस्तीत मोजणी करताना माझ्याकडून अनवधानानं उत्तरं सुचवली गेली. 'अनवधानानं' हा शब्द बाईंनी माणुसकी म्हणून नंतर हातानं घातला होता.

सही केली की पलीकडचे आकडे बाजूला ठेवता येणार होते. मग अलीकडचे चार गुण शेजारी कोणी नसल्यामुळे बरे उंच दिसले असते. प्रश्नताईला मोजणी सोडावी लागली असती, पण भांडारात बदली झाली असती, सतरंज्या आणि खुर्च्यांची मोजदाद ठेवायला, आणि तीही कायम. सहा वर्षं ती याच एका शब्दासाठी थांबली होती. दर अकरा महिन्यांनी संपणारी आणि दर अकरा महिन्यांनी देवासारखी पावणारी तिची नोकरी एका सहीनं कायमची होणार होती. सही केली नाही तर या महिन्याअखेर ती संपणारच होती आणि या खेपेला पावणार नव्हती.

"मी घरी विचारून सांगते," प्रश्नताई म्हणाली.

"अवश्य विचारा," बाई म्हणाल्या, आणि त्यांना हायसं वाटलं. "घरच्यांशी बोललेलं केव्हाही चांगलं."

जिना उतरताना प्रश्नताईला अकरावा प्रश्न आठवला. नोकरी-धंद्याचा निर्णय घेताना घरी विचारावं लागतं का? हा प्रश्न तिनं आजवर आठशे चाळीस वेळा विचारला होता. तिला तो आजवर कोणी विचारला नव्हता, नाहीतर आधीच कळलं असतं.

तिचा नवरा कुलुपं दुरुस्त करायचा. तो दुसऱ्यांच्या दारांत चतुर आणि स्वतःच्या घरात गरीब होता. सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "तू म्हणशील तसं." लग्नापासून तो हेच म्हणत आला होता. या वाक्याला चौऱ्याण्णव प्रश्नांत कुठे रकाना नव्हता. वरकरणी त्यात बायकोला संपूर्ण स्वातंत्र्य होतं, आणि पुढे काही बिनसलं की तेच स्वातंत्र्य चार-चार महिने जेवताना टोमणे होऊन बाहेर निघायचं.

सासूबाई कोपऱ्यात लोकर गुंडाळत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "तू शिकवलंस का गं त्यांना?"

"नाही हो. एक शब्द नाही."

"मग तीन वर्षं तिकडे करत काय होतीस?"

या प्रश्नालाही पर्याय नव्हते. तोच तिला जास्त लागला. सही करायची की नाही हा पुढचा प्रश्न. पण ज्या गुन्ह्यावर सही करायची तो घडला कसा, हे तर आधी कळायला हवं. सतरंज्या जन्मभर मोजता येतील, पण तीन वर्षं आपण टिपलेलं एकेक 'हो' आणि एकेक 'नाही' खोटं होतं, असं लिहून द्यायचं आणि ते खोटं नव्हतं हे एकटीनं मनात ठेवायचं, हे तिच्यानं होईना.

सकाळी ती कचेरीत गेली नाही. कालवा ओलांडून ती सरळ शिवणवालीच्या घरी गेली. शिवणवाली म्हणजे पलीकडच्या वस्तीचं वर्तमानपत्र. तिच्या पुढच्या खोलीत यंत्र होतं, कापडाचे ढीग होते आणि माप द्यायला आलेल्या, न आलेल्या, नुसत्याच टेकलेल्या बायका होत्या. प्रश्नताईला दारात बघताच त्या ताठ बसल्या. एकीनं हातातलं कापड खाली ठेवलं. एक इस्त्रीवाली होती, ती घाईघाईनं काहीतरी पुटपुटत मनात उजळणी करू लागली.

प्रश्नताई म्हणाली की आज मोजणी नाही, आज एकच विचारायचं आहे, आणि ते छापलेलं नाही. "हे बाहेर जाणं, 'नाही' म्हणणं, हे सगळं तुम्हाला कोणी शिकवलं?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. हा प्रश्न अवघड नव्हता, उलट इतका सोपा होता की त्यात काही डाव असावा अशी त्यांना शंका आली.

"तुम्हीच की," शिवणवाली म्हणाली.

आपण कधी, काय शिकवलं, असं प्रश्नताईनं विचारलं. मग शिवणवालीनं यंत्राचं चाक हातानं थांबवून सांगायला सुरुवात केली.

पहिल्या खेपेला ताईंनी विचारलं, कोणाला न विचारता कुठे गेलात का? ती म्हणाली, नाही. ताईंनी लिहून घेतलं. हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत. पुढचा प्रश्न, पुन्हा नाही. पुन्हा लिहून घेतलं. असं चौऱ्याण्णव वेळा. ताई गेल्यावर तिला वाटलं, आपण नापास झालो. बरं, किती मार्कांनी तेही कळायला मार्ग नाही, कारण चेहऱ्यावरून ताकास तूर लागू देतील तर त्या ताई कसल्या? सहा महिन्यांनी पुन्हा तेच प्रश्न. म्हणजे पेपर फुटलेलाच होता, आणि दुसऱ्या खेपेलाही ती नापास. तेव्हा तिसऱ्या खेपेच्या आधी तिनं ठरवलं की निदान एक तरी 'हो' हवं. ती उठली आणि कोणाला न सांगता बसनं बहिणीकडे जाऊन आली. बहिणीकडे काही काम नव्हतं. फक्त उत्तर तयार झालं.

"आणि मग?" प्रश्नताईनं विचारलं. टपालपेटीला पहिल्यांदाच तोंड फुटलं होतं.

"मग काय, पुढच्या वेळी बहिणीला बरं वाटत नव्हतं म्हणून गेले. नंतर उगीच गेले. आता जाते."

एवढं झाल्यावर बाकीच्यांनाही राहवेना. हळूहळू असं उघड झालं की पलीकडच्या वस्तीत सगळ्या बायकांना चौऱ्याण्णव प्रश्न तोंडपाठ होते. मोजणीचा महिना जवळ आला की त्या याच खोलीत जमत आणि कोणाचं काय राहिलंय ते बघत. तुझं बेचाळीस झालं का? माझं एकसष्ट राहिलंय, तुझं कसं जमलं? बेचाळीस म्हणजे घरातल्या कोणाला 'नाही' म्हणणं. इस्त्रीवालीनं तो प्रश्न दोन खेपा टाळला. तिसऱ्या खेपेला मात्र मोजणीच्या तोंडावर ती दिराला 'नाही' म्हणाली. तो त्याच्या सगळ्या मित्रांचे कपडे फुकट इस्त्रीला आणून टाकायचा. ती नाही म्हणाली ते निव्वळ प्रश्न सुटावा म्हणून. दीर आठ दिवस फुगून बसला. नंतर त्यानं स्वतःची इस्त्री आणली.

"नवरे?" प्रश्नताईनं विचारलं.

नवऱ्यांची गोष्ट तर याहून सोपी निघाली. घरातली कामं आणखी कोण करतं, या सतराव्या प्रश्नाला काय सांगू, असं एकेकीनं आपापल्या नवऱ्याला आधीच विचारून ठेवलं होतं. फाईल सरकारी की खासगी हे नवऱ्यांना कळत नव्हतं, पण आपलं नाव तिच्यात 'काही करत नाही' म्हणून चढणार, हे त्यांना बरं वाटेना. शेजारच्याचं 'करतो' म्हणून चढणार, हे तर त्याहून बरं वाटेना. म्हणून मोजणीच्या महिन्यात त्यांनी भांडी घासायला सुरुवात केली. एकाच दिवशी घासून भागलं असतं. पण ताई नक्की कोणत्या दिवशी उगवणार हे चिठ्ठ्यांवर होतं. त्यामुळे रोज घासावी लागली. पुढे त्यांचा हात बसला.

मग प्रश्नताईनं विचारलं की अलीकडच्या बायकांनाही हेच प्रश्न विचारले होते, त्यांच्याकडे असं का झालं नाही?

"त्यांना शिकवायला होतं ना कोणीतरी," शिवणवाली म्हणाली. "शिकवतायत, तर होईल आपोआप, असं वाटतं माणसाला. आम्हाला नुसती परीक्षाच होती."

दुपारी प्रश्नताई संचालकबाईंच्या खोलीत गेली तेव्हा शिवणवालीही बरोबर होती. साक्षीला म्हणून प्रश्नताईनं तिला बोलावलं नव्हतं. पलीकडच्या वस्तीचं नाव निघतंय आणि आपण तिथं नाही, हे शिवणवालीला पटणारं नव्हतं, म्हणून तीच निघाली. घरी सांगितलंस का, असं वाटेत प्रश्नताईनं सवयीनं विचारलं, तर ती म्हणाली, हे काय मोजणीत धरणार आहात का?

टेबलावर कागद तसाच होता, शेजारी पेन उघडून ठेवलं होतं. आकडेमास्तर भिंतीला लागून बसला होता.

"मी सही करणार नाही, मॅडम," प्रश्नताई म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "मी काही सुचवलं नाही. आकडे खरे आहेत. मला काढायचं तर काढा, पण ते आकडे काढू नका."

आणि मग तिनं बहिणीकडची बस, बेचाळिसावा प्रश्न, दीर, भांडी, सगळं सांगितलं. सांगताना तिनं भुवया उचलल्या, हात हलवले, एक-दोनदा तर 'वा' म्हणाली. आकडेमास्तर आधी मान खाली घालून ऐकत होता. मग कागद ओढून भराभर काहीतरी मांडू लागला. पलीकडच्यांचे गुण एकदम चढले नव्हते, एकेका मोजणीच्या आधी एकेक पायरी चढले होते, आणि तिची गोष्ट त्या पायऱ्यांवर तंतोतंत बसत होती. इतका आनंद त्याला कित्येक दिवसांत झाला नव्हता.

संचालकबाईंनी मनात तराजू धरला. एकीकडे तीन वर्षांची शिबिरं, दुसरीकडे एक फाईल आणि एक कोरा चेहरा. देणगीदारांच्या फोनला अर्धा तास होता. बाई खिडकीपाशी गेल्या, परत आल्या. त्या हुशार होत्या म्हणूनच संचालक होत्या, आणि तिसऱ्या फेरीत त्यांना वाट सापडली.

"पण प्रश्न कोणाचे होते?" त्या हळूच म्हणाल्या. "प्रश्न तर आपलेच होते."

त्यानंतर सगळं फार वेगानं झालं. कागद खणात गेला. बाईंचा चेहरा उजळला आणि आवाज व्यासपीठावरचा झाला. पलीकडच्या वस्तीला काही दिलं नाही असं म्हणणंच चूक होतं, तिला सगळ्यात मौल्यवान गोष्ट दिली होती, प्रश्न. कार्यक्रम पलीकडे यशस्वी झाला होता, फक्त तो पलीकडे होता हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आता हीच पद्धत बावीस ठिकाणी जाईल. शिबिरं नकोत, पिशव्या नकोत, नुसती मोजणी. प्रश्नताई बावीस ठिकाणच्या मोजणीवाल्यांना कोरा चेहरा ठेवायला शिकवेल, आणि अर्थातच ती कायम झाली असं समजावं. आकडेमास्तरनं हळूच विचारलं की मग या नव्या पद्धतीची तुलना कशाशी करायची? बाईंनी त्यावरही क्षणात तोड काढली. एक तिसरी वस्ती शोधायची, जिथं कोणी कोणाला काहीच विचारणार नाही. अशी वस्ती शोधायला फार लांब जावं लागणार नाही, असं प्रश्नताईच्या मनात आलं, पण कायम होऊन अजून पाच मिनिटंही झाली नव्हती, म्हणून ती गप्प बसली.

बाई शिवणवालीपुढे आल्या. त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. तुम्ही आणि तुमच्या मैत्रिणींनी जगाला वाट दाखवली, असं त्या म्हणाल्या. तुमची मोजणी आज इथं पूर्ण झाली, पण तुम्ही जे मिळवलंत ते आता तुमच्याकडून कोणी काढून घेऊ शकणार नाही. आपल्या वस्तीसाठी काय हवं ते मागा, आज मी नाही म्हणणार नाही, असंही त्या म्हणाल्या.

शिवणवालीनं थोडा विचार केला. तिनं हात सोडवून घेतले आणि ती प्रश्नताईकडे वळली.

"दुसरं काही नको, ताई. मोजणी संपली हे फक्त आमच्याकडे इतक्यात कोणाला कळू देऊ नका. आणि महिन्यातून एकदा ती फाईल काखेत धरून आमच्या गल्लीतून नुसती एक चक्कर मारा. थांबू नका, काही विचारू नका. भांडी घासायची वेळ बघून तेवढं या."